बीपीच्या गोळीत लघवीचं औषधही असेल तर ती कशी घ्यावी

आधी गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायाझाइड अथवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं असेल, तर ही गोळी अंगातलं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढते. नावापुढच्या 'एच' किंवा 'सीटी' या अक्षरांवरून बरेचदा ते कळतं. नुसतं 'एएम' असेल तर गोळी वेगळी, त्यात लघवीच्या औषधाऐवजी ॲम्लोडिपिन हे बीपीचं दुसरं औषध असतं. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर नाव सोडा, घटक आणि मिलिग्रॅम जुळवा.

गोळी सकाळी घ्या. संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावं लागतं, आणि अंधारात उठताना म्हातारी माणसं पडतात. सकाळची राहिली आणि दुपारी आठवली तर घ्या. रात्री आठवली तर त्या दिवशी सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

सुरू करण्याआधी आणि नंतर दोन-चार आठवड्यांत रक्तातलं सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) तपासून घ्या. मात्रा बदलली की पुन्हा. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं. ही तपासणी टाळू नका, कारण पोटॅशियम बिघडलं तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मधुमेह किंवा गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल तर डॉक्टरांना सांगा; या औषधाने साखर आणि युरिक ॲसिड वाढू शकतं.

इथे केळ्यांचा प्रश्न येतो, कारण रावेर-यावलकडे केळं घरचंच असतं. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी चांगली असेल तर रोजच्या एका केळ्याने बिघडत नाही. पण गोळीत स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड असेल, तर ती पोटॅशियम अंगातच धरून ठेवते. अशा वेळी किती केळी खायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि 'कमी सोडियमचं' मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. उलट पापडात मीठ आणि पापडखार, म्हणजे दोन्हीकडून सोडियमच असतं, म्हणून उन्हाळ्यात वाळवणं झाली की हात आखडता ठेवा.

खरी काळजी एप्रिल-मेची. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. घामाने पाणी जातं, गोळीनेही जातं. उठताना चक्कर, पायात गोळे, तोंड कोरडं, लघवी थोडी आणि गडद, यातलं काही दिसलं तर बसून पाच मिनिटांनी बीपी मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मात्रा कमी करावी लागू शकते, पण ती आपल्या मनाने नाही. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं तेही विचारूनच.

जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन खाणंपिणं बंद झालं, तर गोळी चालू ठेवण्याआधी फोन करा. अशा दिवसांत ती थोडी थांबवायला सांगतात. शेतातून आल्यावर कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची सवय फार धोक्याची आहे. सार्टन (टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे), लघवीचं औषध आणि ही वेदनाशामकं एकत्र आली की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. त्याऐवजी पॅरासिटामॉल चालेल का, ते विचारा.

गरोदर असाल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर सार्टनची गोळी घेत असल्याचं लगेच सांगा. अचानक डोळा दुखून अंधुक दिसलं, छातीत धडधड झाली, शुद्ध हरपली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.