‘सुटसुटीत’ हा शब्द रोजच्या वाक्यांत कसा वापरावा

नवा शब्द अंगवळणी पाडायचा तर त्याची रोज दहा वाक्यं लिहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. लिहून पाहा. ‘माझं उत्तर सुटसुटीत आहे’, ‘माझी वही सुटसुटीत आहे’ असं करत करत चौथ्या-पाचव्या वाक्याला ‘माझा भाऊ सुटसुटीत आहे’ इथपर्यंत गाडी येते आणि शब्दाचं मातेरं होतं. शब्द कुठे चालत नाही हे आधी कळलं पाहिजे. मग दहा वाक्यांची गरजच पडत नाही.

व्याकरण झटपट उरकू, कारण ते सोपं आहे. ‘सुटसुटीत’ लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही: सुटसुटीत अर्ज, सुटसुटीत मांडणी, सुटसुटीत वाक्यं. क्रियापदाबरोबर ‘सुटसुटीत लिही’ एवढं पुरतं. ‘सुटसुटीतपणे लिही’ चूक नाही, पण या शब्दाला ते शेपूट शोभत नाही. ‘टी’ दीर्घ, बाकी सगळं ऱ्हस्व. ‘गरीब’, ‘जमीन’, ‘वकील’ यांचाच नियम: शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी दीर्घ. ‘संक्षिप्त’ हा तत्सम शब्द, त्याला हा नियम लागत नाही.

आता खरा अडचणीचा टप्पा: शेजारच्या शब्दांतून निवड. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि त्याला कारण समानार्थी शब्दांच्या याद्या. संक्षिप्त, त्रोटक, मोजका, आटोपशीर, सुटसुटीत हे सगळे एका ओळीत, मध्ये फक्त स्वल्पविराम. जणू कुठलाही उचला आणि लावा! असं करून कुणाला ‘तुमचा अहवाल छान त्रोटक झालाय’ असं सांगितलंत, तर समोरचा दिवसभर घुश्श्यात राहील आणि त्याचं बरोबर असेल.

एकच निरोप तीन तऱ्हांनी लिहून बघू. पहिला: ‘मीटिंग पुढे गेली.’ किती पुढे? कुठे? काही आणायचंय का? हा झाला त्रोटक निरोप. जे हवं तेच त्यात नाही. दुसरा: ‘काही अपरिहार्य कारणास्तव उद्या सकाळी अकरा वाजता आयोजित करण्यात आलेली मीटिंग ही बारा वाजता घेण्याचे ठरविण्यात आले असून सर्वांनी आकडेवारीसह त्याच ठिकाणी उपस्थित राहावे.’ यात सगळं आहे, पण ते शोधावं लागतं. हा बोजड. तिसरा: ‘उद्याची मीटिंग अकराऐवजी बाराला. जागा तीच. गेल्या महिन्याचे आकडे सोबत आणा.’ हा सुटसुटीत. पहिल्यापेक्षा तो लांब आहे, हे नीट लक्षात घ्या. ‘सुटसुटीत’मध्ये ‘सुटं’ आहे: एकात एक न गुंतलेलं. म्हणूनच प्रवासाला सुटसुटीत कपडे घालतात, आणि पंधरा पानांचा अहवालही सुटसुटीत असू शकतो. संस्कृतात सूत्राची जी व्याख्या सांगतात तिची सुरुवातच ‘अल्पाक्षरमसंदिग्धम्’ अशी आहे. अक्षरं थोडी हवीत, आणि अर्थाबद्दल संशय नको. पहिल्या निरोपाने पहिली अट पाळली आणि दुसरीवर पाणी सोडलं.

कोणता शब्द घ्यावा हे ठरत नसेल तर त्याचा विरुद्ध शब्द मनात आणा. माझ्या मते भरवशाची युक्ती ही एकच. ‘सुटसुटीत’च्या विरुद्ध बोजड, गुंतागुंतीचं. ‘संक्षिप्त’च्या विरुद्ध सविस्तर. ‘मोजकं’च्या विरुद्ध भारंभार. ‘आटोपशीर’च्या विरुद्ध लांबलेलं, रेंगाळलेलं. तुम्हाला नक्की काय टळल्याचा आनंद झालाय ते बघा, म्हणजे शब्द सापडतो. व्याख्यान रेंगाळलं नाही? आटोपशीर. अर्ज समजायला डोकं खाजवावं लागलं नाही? सुटसुटीत. ‘संक्षिप्त’ म्हणण्याआधी मात्र एक जादा प्रश्न विचारा: याचं मोठं, सविस्तर रूप कुठे आहे का? संक्षिप्त आवृत्ती, संक्षिप्त वृत्तान्त, संक्षिप्त रूप, या सगळ्यांच्या मागे काहीतरी मोठं असतं. दाराला चिकटवलेल्या दोन ओळींच्या चिठ्ठीला ‘संक्षिप्त’ म्हणणं मला कृत्रिम वाटतं. ‘थोडक्यात संक्षिप्त माहिती’ म्हणणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही.

माणसाला यातला कुठलाही शब्द थेट लावू नका. माणूस मितभाषी असतो, मोजकं बोलतो, नेमकं बोलतो. ‘तुटक बोलला’ म्हणालात की तो चिडला होता किंवा दुखावला होता असाच अर्थ निघतो. शब्दांची बचत कुणाला दिसत नाही. सुटसुटीत असतं ते त्याचं पत्र, त्याचं वाक्य, त्याची मांडणी. (बांधा सुटसुटीत असतो, पण तो विषय वेगळा.)

सांगण्याची रीतही सांभाळा. वडीलधाऱ्यांना ‘सुटसुटीत बोला’ म्हणणं म्हणजे तुमचं बोलणं गुंत्याचं आहे असं तोंडावर सुनावणं. ‘मुद्द्यावर या’ भांडणासाठी ठेवा. ‘जरा थोडक्यात सांगाल का?’ पुरतं. लिखाणाबद्दल असेल तर सूचना कागदाला द्या, माणसाला नको: ‘हा अर्ज अजून सुटसुटीत करता येईल.’ भाषण संपवून खाली बसलेल्याला ‘आटोपशीर बोललात’ म्हणतानाही बेतानं. त्यातला सुटकेचा सूर लगेच ऐकू येतो.

उरला ‘थोडक्यात’. तो क्रियापदाबरोबर सुखात नांदतो: थोडक्यात सांग, थोडक्यात लिहा. ‘तुझं उत्तर थोडक्यात आहे’ मात्र कानाला खटकतं. तिथे ‘सुटसुटीत’ किंवा ‘आटोपशीर’ आणा. आणि ‘वाचणे’ या क्रियापदापासून त्याला लांब ठेवा. ‘अहवाल थोडक्यात वाचला’ असं लिहिलंत, तर तो तुम्ही घाईघाईत चाळलात की पाण्यात पडता पडता बचावला, हे अहवालालाच विचारावं लागेल. ‘चाळला’ म्हणा, किंवा ‘अहवालाचा सारांश वाचला’ म्हणा.