प्रभात रस्त्यावरच्या गल्लीत जुना, ऐसपैस फ्लॅट घेताना

पुण्यात डेक्कन जिमखान्यापासून लॉ कॉलेज रस्त्याकडे जाणाऱ्या प्रभात रस्त्याच्या आणि भांडारकर रस्त्याच्या गल्ल्यांमध्ये बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती अजूनही बऱ्याच आहेत. खोल्या मोठ्या, छत उंच, दारे सागवानी, स्वयंपाकघराला लागून धुण्याभांड्याची बाल्कनी आणि खिडकीबाहेर आंब्याचे किंवा बुचाचे झाड, असे घर आज नव्या बांधकामात त्याच पैशांत मिळत नाही. मात्र अशा व्यवहारात आपण चार भिंतींबरोबर त्या इमारतीचा सांगाडा, तिचे कागद आणि तिथले आठ-दहा शेजारीही विकत घेत असतो, आणि चूक होते ती बहुधा याच तीन गोष्टींत.

घर राहण्यासाठी घ्यायचे आहे की पुनर्विकासाच्या आशेने, हे पाहणीला निघण्यापूर्वीच ठरवावे. ‘दोन वर्षांत इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक एजंटाच्या तोंडी असते आणि त्याची किंमत भावात धरलेली असते. प्रत्यक्षात ज्या गल्लीच्या शांततेवर आपण भाळतो, ती शांत असते बहुतांशी अरुंद असल्यामुळे, आणि ९ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरील भूखंडाला टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकामाचे हक्क, वापरता येत नाही; त्यामुळे बिल्डरला तिथे परवडणारे बांधकाम बसवणे अवघड जाते. म्हणून गल्लीची मंजूर रुंदी महापालिकेच्या विकास आराखड्यात पाहावी आणि पुनर्विकास झालाच नाही तरी दहा-पंधरा वर्षे इथे सुखाने राहता येईल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर माझ्या मते ते घर घेऊ नये.

पाहणी एका भेटीत उरकू नये. सकाळी पाणी येण्याच्या वेळी एकदा, रात्री गाड्या लागल्यावर एकदा आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची झड लागलेली असताना एकदा जावे, कारण उन्हाळ्यात रंग मारून ठेवलेली भिंत पावसाळ्यात खरे बोलते. आम्ही घर शोधत होतो तेव्हा एका फ्लॅटमधील आजींनी सारे घर मोठ्या हौसेने दाखवले, पण पश्चिमेकडच्या खोलीतील लाकडी कपाटापाशी येताच त्या म्हणाल्या, “ते नका हलवू हो, फार जड आहे.” त्यांच्या मुलाने मात्र संकोचत का होईना, कपाट हातभर पुढे ओढले, मागे जमिनीपासून कमरेपर्यंत ओल चढलेली होती, गिलाव्याचे पोपडे सुटले होते आणि कपाटाची पाठ बुरशीने काळी पडली होती. त्यात आजींची लबाडी नव्हती, त्यांना त्या ओलीची सवय झाली होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरात कपाटाच्या मागे, सिंकखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला आवर्जून पाहू लागलो.

ओल बहुधा दुरुस्त होते. गंजलेल्या सळ्यांचे प्रकरण मात्र वेगळे असते. बाल्कनीचा स्लॅब, छज्जे, जिन्याच्या खालची बाजू आणि पार्किंगमधील खांब व तुळया नीट न्याहाळाव्यात. काँक्रीटला सळीच्या रेषेत तडा गेलेला असेल किंवा तपकिरी डाग उतरलेला असेल, तर आत सळी गंजून फुगली आहे असे समजावे. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने स्लॅबवर हलके ठोकत गेल्यास निरोगी काँक्रीट खणखणीत वाजते आणि सुटलेला भाग बद्द आवाज देतो. ही परीक्षा आपल्यापुरती. निर्णयासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच सोबत न्यावे, त्याची फी एकूण व्यवहाराच्या मानाने किरकोळ असते. तसेच सोसायटीकडे आधीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवे. अहवालच नाही असे उत्तर मिळाले, तर तीही एक माहितीच आहे.

गच्चीवर जरूर जावे. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवण्यासाठी गच्चीवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, फुगला आहे का, पाण्याच्या टाकीला गळती आहे का, आणि वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग शेवटचे कधी व कोणाच्या खर्चाने झाले, हे विचारावे. जुन्या जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपांची आतली पोकळी गंजाने बुजत जाते, म्हणून दोन नळ एकाच वेळी सोडून धार पाहावी. वायरिंग मूळचेच असेल तर ते सगळे बदलावे लागेल असे धरूनच चालावे, कारण दोन एसी, गीझर आणि इंडक्शन यांचा भार त्या काळी कोणी गृहीत धरलेला नव्हता. मोझॅकची फरशी मात्र उगाच उखडू नये. पॉलिश केली की ती नव्या टाइल्सपेक्षा देखणी दिसते आणि स्लॅबवरचा भारही वाढत नाही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत स्वतः टेप लावून मोजावे. जुन्या करारपत्रात बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसह धरलेले, क्षेत्र लिहिलेले असते, नव्या प्रकल्पांत रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट, म्हणजे आतले वापराचे क्षेत्र, सांगतात, आणि एजंट सोयीनुसार तिसराच आकडा पुढे करतो. बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात बाल्कनीच असेल, तर तिचा भाव खोलीच्या दराने देऊ नये.

कागदपत्रांत पहिला प्रश्न हा की इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालील अपार्टमेंट. पुण्यात दुसरा प्रकार पुष्कळ आढळतो आणि तिथे शेअर सर्टिफिकेट नसते. त्याऐवजी घोषणापत्र आणि प्रत्येक फ्लॅटचे डीड ऑफ अपार्टमेंट असते, ज्यात जमिनीतील अविभक्त हिश्श्याची टक्केवारी दिलेली असते. संस्था असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स संस्थेच्या नावे झाले आहे का, हे मालमत्ता पत्रकावर, म्हणजेच प्रॉपर्टी कार्डावर, तपासावे. ते झाले नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहकार्याशिवाय सरकारी अधिकाऱ्यामार्फत ते करून घेण्याची, वाट असते, पण ती वेळखाऊ आहे.

त्यानंतर बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंतची साखळी, म्हणजे प्रत्येक खरेदीचा मूळ दस्त, नोंदणीची पावती आणि इंडेक्स २ हा नोंदणी कार्यालयाचा गोषवारा, पूर्ण आहे का हे वकिलाकडून पाहून घ्यावे, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे त्या मालमत्तेच्या नोंदलेल्या व्यवहारांच्या शोधाचा अहवाल, काढावा आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. जुन्या घरांत नेहमी अडकते ते वारसांपाशी. मूळ मालक वारलेले असतात, संस्थेत नॉमिनी म्हणून एका मुलाचे नाव लागलेले असते आणि तोच विकायला उभा राहतो. परंतु नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर सर्व वारसांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात, अथवा विकणाऱ्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. परदेशातली बहीण ‘काही बोलणार नाही’ या तोंडी हवाल्यावर विसंबून टोकनसुद्धा देऊ नये.

पार्किंगविषयी विकणारा जे सांगतो ते कागदावर मागावे. खुले किंवा स्टिल्टचे, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतले, पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. वाटप संस्था करते, म्हणून संस्थेचे पत्रच पाहावे.

पैशांचा हिशेब २ कोटींच्या फ्लॅटवर मांडू. ७५ लाखांपुढील गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे ५० लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे १४ लाख, आणि नोंदणी शुल्क ३० हजार. हे कर्जात धरले जात नाही. त्यामुळे दुरुस्तीपूर्वीच ६४ लाख ३० हजार रुपये हाताशी हवेत. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे केली तर मुद्रांकात १ टक्का, म्हणजे २ लाख वाचतात. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी दरपत्रकाचे, मूल्य कराराच्या रकमेहून जास्त निघाले तर शुल्क त्यावर बसते. ५० लाख किंवा अधिक किमतीच्या व्यवहारात विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याचा आगाऊ कापला जाणारा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा अनिवासी असेल तर दर आणि पद्धत दोन्ही बदलतात, तेव्हा सीएला आधीच विचारावे. बँक इमारतीचे उरलेले आयुष्यही पाहते, म्हणून टोकन देण्यापूर्वी तिच्या व्हॅल्युअरचे मत घ्यावे. संस्थेची हस्तांतरण फी महापालिका क्षेत्रात कमाल २५ हजार रुपये आहे; त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर नम्रपणे नकार द्यावा.

शेवटी सेक्रेटरींना भेटून मागील तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते वाचायला मागावीत. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती शिल्लक आहे, कोणाची थकबाकी आहे, लिफ्ट बसवण्याचा ठराव कितीदा बारगळला आणि का, हे सारे तिथे सापडते. पहिल्या मजल्यावरच्यांना लिफ्ट नको असते आणि तिसऱ्यावरच्यांचे गुडघे दुखत असतात. ताबा घेताना वीज मीटरचे रीडिंग आणि मालमत्ता कराची अखेरची पावती घ्यावी, आणि स्वतः राहणार असाल तर महापालिकेची ४० टक्के करसवलत आपल्या नावे मिळण्यासाठी पीटी-३ अर्ज पुराव्यांसह लगेच भरून टाकावा.