फुल फ्रेम की क्रॉप? आधी एक संध्याकाळ घाटावर घालवा

कॅमेरा घेताना मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम घ्यावा की लहान सेन्सरचा क्रॉप, हा प्रश्न असेल तर दोन्ही बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, एका दिवसासाठी भाड्याने आणा. यूट्यूबवरच्या तुलना बघून ठरवायचं असेल तर पुढचं वाचू नका.

आकडे एकदाच सांगतो. फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, ३६ बाय २४ मिलिमीटर. निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी. रुंदीत फरक दीडपट, कॅननला १.६.

आता चाचणी, आणि इथंच मी फसलो होतो. दोन्ही कॅमेऱ्यांना ५० मिलिमीटरची लेन्स लावली, दोन्हीकडे अपर्चर (लेन्सचं उघडं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) १.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे दिसतात) सारखाच. फुल फ्रेमचा फोटो बघून डोळे दिपले, कर्ज काढून बॉडी घेतली. पहिल्याच लग्नात, अंतरपाट खाली येताना, नवरा आरशासारखा स्पष्ट आणि समोरची नवरी धूसर! दोघं फोकसमध्ये हवीत म्हणून अपर्चर २.८ केलं, तर आयएसओ दुपटीहून जास्त चढवावा लागला. जिच्यासाठी पैसे मोजले ती स्वच्छताच गेली.

म्हणून चाचणी अशी करा. दिवेलागणीला संगम माहुलीच्या घाटावर कुणाला तरी पायरीवर बसवा, तुम्ही जागेवरून हलू नका. क्रॉपवर ३५ ची लेन्स, अपर्चर २, आयएसओ ८००. फुल फ्रेमवर ५० ची, अपर्चर २.८, आयएसओ १६००. शटर दोन्हीकडे १/१२५ सेकंद. दीडाने फक्त लेन्स गुणायची नाही, अपर्चरही गुणायचं. हे दुकानदार सांगत नाही. दोन्ही फोटो स्क्रीनवर एकाच आकारात बघा, पिक्सेल मोजत बसू नका. मागच्या दिव्यांचा ब्लर, सावलीतला नॉईज (दाणे), जवळजवळ सारखं दिसेल.

मग फुल फ्रेमवर अपर्चर १.८ पर्यंत उघडा. आता जो फरक दिसतोय, तेवढाच तुम्ही विकत घेताय. तो क्रॉपवर आणायचा तर १.२ ची लेन्स लागते. अंधाऱ्या कार्यालयात एकेकट्या चेहऱ्यांचे फोटो काढणाऱ्यानं जरूर घ्यावा.

कासला जाणाऱ्यांनी उगाच खर्च करू नये. तिथली सीतेची आसवं ही फुलं नखाएवढी. पूर्ण फूल फोकसमध्ये यायला अपर्चर बंदच करावं लागतं, मग मोठ्या सेन्सरचा उजेडाचा फायदा उरत नाही.

मायणीला पक्षी टिपायचे तर क्रॉपच. ३०० ची लेन्स ४५० सारखी फ्रेम भरते. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम तेवढाच कापला की साडेदहाच्या आसपास उरतात.

आणि जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसतात म्हणून हुरळू नका. निकॉन-सोनीच्या फुल फ्रेमवर क्रॉपची लेन्स लावली की कॅमेरा स्वतःच कडा कापतो. लेन्सचे पैसे हिशेबात धरले नसतील तर वर्षभर नव्या बॉडीतून जुनाच फोटो निघेल.