दुकानाचे नाव ठरवताना आणि जपताना

मसाल्यांच्या घरगुती व्यवसायाला ‘शुद्ध मसाले’ असे नाव द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मालाचे केवळ वर्णन करणाऱ्या शब्दावर ट्रेडमार्क कायदा, 1999 सहसा ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह म्हणून एकट्याचा हक्क मान्य करत नाही. म्हणून मालाशी थेट संबंध नसलेला किंवा स्वतः घडवलेला शब्द निवडावा. पाटी रंगवण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो शोधावा, आणि उच्चाराने जवळची नावेही तपासावीत, कारण हरकत बहुधा तिथूनच येते.

शॉप अ‍ॅक्टचा दाखला किंवा जीएसटी क्रमांक मिळाला म्हणजे नाव आपले झाले, हा समज मला फार घातक वाटतो. नावासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. अर्जासाठी माल आणि सेवांचे 45 वर्ग केलेले आहेत, त्यांपैकी मसाले 30 व्या वर्गात येतात, तर लोणची 29 व्या. दोन्ही विकत असाल तर दोन्ही वर्गांत अर्ज करावा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रतिवर्ग 4,500 रुपये शुल्क पडते. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये (अधिकृत पत्रिकेत) अर्ज प्रसिद्ध झाल्यावर इतरांना विरोध करण्यासाठी चार महिने मुदत असते. नोंदणी 10 वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर ‘टीएम’ (ट्रेडमार्क) छापावे. नोंदणीपूर्वी वर्तुळातील ‘आर’ (नोंदणीकृत असल्याची खूण) छापण्यास कायद्याने मनाई आहे.