एअरबॅगच्या नेटवर्कवर नव्याने येताय? आधी 487 चा अर्थ समजून घ्या

कॅन (गाडीतल्या कंट्रोल युनिट्सना जोडणारं नेटवर्क) येतं म्हणजे एअरबॅगचं काम जमेल, असं मला वाटलं होतं. तुम्हालाही वाटत असेल. पण धडक ओळखण्याचं काम सहसा कॅनवर होत नाही. पट्टा लावलाय का, धडक झाली का, असे निरोप तिथून जातात. दारातला किंवा बंपरमागचा सेन्सर कंट्रोल युनिटशी थेट दोन तारांवर बोलतो, बऱ्याचदा पीएसआय5 पद्धतीने. वीजही त्याच तारांतून मिळते, आणि सेन्सर प्रवाह साधारण 26 मिलिअँपिअरने वरखाली करून आकडे पाठवतो. वेग सेकंदाला 125 किलोबिट.

मी अडकले ती जागा नीट सांगते. माझा सेन्सर ±120 जीचा (जी म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पटीत मोजलेलं त्वरण), एक पायरी 0.25 जी. टेबलावर निश्चल पडलेला. तरी वीज दिली की आलेखात आधी उणे 120 च्या खाली आकडे, मग अचानक अधिक 121.75. पॅरिटी (बिट उलटला का हे पकडणारा तपासणीचा बिट) प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक निरोपाला, बरोबर! तीन आठवडे मी केबल बदलल्या, ग्राउंड तपासलं. शेवटी लो-पास फिल्टर (अचानक होणारे बदल सौम्य करणारा) लावला. आलेख गुळगुळीत झाला आणि मी खूश झाले. ती माझी सगळ्यात मोठी चूक.

121.75 ला 0.25 ने भागा. 487 येतात. दहा बिटांत उणे 512 ते अधिक 511 आकडे मावतात, पण त्वरण फक्त उणे 480 ते अधिक 480. त्याखालच्या आकड्यांतून सेन्सर सुरुवातीला स्वतःची ओळख पाठवतो. वरचे आकडे स्थिती सांगतात: 487 म्हणजे तयार, 488 म्हणजे अजून व्यस्त, 500 म्हणजे बिघाड. वाटेत बिट उलटला की पॅरिटी ओरडते. आकडा त्वरणाचा आहे की निरोपाचा, हे तिला कळत नाही. माझ्या फिल्टरने 500 वर चढताना मधले आकडे तयार केले असते, म्हणजे बिघडलेला सेन्सर धडक झाल्यासारखा दिसला असता. म्हणून आधी आकड्याची हद्द तपासा, मग जीमध्ये बदला, फिल्टर त्यानंतर.

मला हे उत्तर कुणी दिलं नाही. एका वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "भागून बघितलंस का?" कीबोर्ड स्वतःकडे न ओढणारा असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका. फ्रेम आपोआप उलगडून देणाऱ्या तयार डिकोडरला मात्र पहिला महिना हात लावू नका. ऑसिलोस्कोपवर प्रवाह बघा, वीस फ्रेम कागदावर सोडवा. मँचेस्टर कोडिंग (प्रत्येक बिटाच्या मध्यात प्रवाह बदलून 0 किंवा 1 दाखवणं) पहिल्या दिवशी डोकं फिरवतं, आठवड्याभरात डोळ्यांना सवय होते. घाबरू नका, खरंच जमतं.

एका बाबतीत मात्र घाबराच. सरावाच्या टेबलावर खरा इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा स्फोटक भाग) आणू नका, त्याच्या जागी सुमारे 2 ओहमचा रोधक लावा. खऱ्या इन्फ्लेटरला साधा मल्टिमीटर लावू नका. गाडीत हात घालायचा असेल तर बॅटरी काढल्यावरही उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबा, कारण युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये एअरबॅग उडवण्याइतकी ऊर्जा तेव्हाही शिल्लक असते.