कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का? एका बीएलओ बाईंचं सांगणं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात मतदार यादीच्या एका भागाची बीएलओ, म्हणजे ती यादी सांभाळणारी केंद्रस्तरीय अधिकारी आहे. मतदानाच्या दिवशी कुणी ना कुणी मतदार कार्ड नाचवत भांडायला येतंच, ‘बाई, हे काय, कार्ड आहे की माझ्याकडं!’ कार्ड ओळखीपुरतं असतं, मत मिळतं ते यादीतल्या नावावर. कार्ड हरवलं तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन, फोटो असलेलं बँकेचं पासबुक किंवा मनरेगाचं जॉबकार्ड दाखवून मत देता येतं. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून एकटी चालत नाही.

म्हणून आधी नाव शोधा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर कार्ड नंबर टाकला की यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसतो. जमत नसेल तर १९५० ला फोन लावा.

घरात पोरगं अठराला आलं असेल तर नमुना ६, म्हणजे नवं नाव नोंदवायचा अर्ज. अठरा ज्या तारखेला पूर्ण लागतात ती पात्रता तारीख पूर्वी १ जानेवारी ही एकच होती; २ जानेवारीला जन्मलेल्याचं अख्खं वर्ष जायचं. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. वयासाठी जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, पत्त्यासाठी लाइट बिल किंवा पासबुक आणि एक रंगीत फोटो, एवढं तयार ठेवा.

खरा घोळ होतो तो लग्न होऊन आलेल्या सुनांचा. माहेरच्या यादीत नाव असतं, आणि सासरचे हौसेनं पुन्हा नमुना ६ भरतात. त्या अर्जात ‘माझं नाव दुसरीकडं नाही’ असं लिहून खाली सही करायची असते. ते खोटं ठरलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. सुनेसाठी लागतो नमुना ८, म्हणजे पत्ताबदलाचा आणि दुरुस्तीचा अर्ज. पूर्वी मतदारसंघ बदलला की नमुना ६ च भरावा लागायचा, म्हणून जुनी माणसं अजून तोच सांगतात. २०२२ पासून स्थलांतर गावातल्या गावात असो की दुसऱ्या जिल्ह्यात, नमुना ८ च. मात्र त्यात पर्याय एकच निवडता येतो. पत्ताही बदलायचा आणि आडनावही, तर दोन अर्ज करा. पुण्याला फ्लॅट घेतलेल्यांनाही हेच लागू.

आता आमच्याकडचं दुखणं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात. घरभेटीला गेलं की निम्म्या दारांना कुलूप, आणि शेजारीण ओट्यावरूनच सांगते, ‘कारखान्याला गेलेत.’ कुणाला वाटतं, झालं, यांचं नाव उडालं. तसं नाही. तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून माणूस गावचा रहिवासी राहत नाही असं कायदा म्हणत नाही, आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाव काढताही येत नाही. पण नोटीस कुलूपबंद घरी आली तर वाचणार कोण? म्हणून निघण्याआधी चालू मोबाइल नंबर बीएलओकडं देऊन जा. नंबर बदलला असेल तर तीही दुरुस्ती नमुना ८ मध्येच होते.

उलटंही ऐकून ठेवा. गावात घर आहे एवढ्यावर गावात मत मिळत नाही. बारा महिने शहरात राहायचं आणि सरपंचाच्या निवडणुकीला जीपगाड्या भरून यायचं, ही आमच्याकडची जुनी हौस आहे. मला ती मुळीच आवडत नाही. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच होते, राज्य निवडणूक आयोगानं ठरवलेल्या तारखेला जी असेल ती. निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

लोकसभा-विधानसभेला ८५ च्या पुढच्या आजी-आजोबांना घरून मत देता येतं. ही अट आधी ८० ची होती, मार्च २०२४ मध्ये वाढली. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांनाही ही सोय आहे. त्यासाठी नमुना १२-ड, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. ही मुदत फार पटकन सरते.

अर्ज ऑनलाइन केला तर संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, स्थिती त्यावरच कळते. पडताळणीला बीएलओ येईल तेव्हा कुणीतरी घरी असू द्या. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं. कागदावरचा अर्ज बीएलओच्या हाती दिलात तर खालची पोच फाडून, सही करून घ्या. मी घाईत असले तरी मागून घ्या.