दोन मोटरची कॅट पाण्यात सोडण्याआधी

दोन मोटरची कॅट (रिमोटवर चालणारी, दोन जुळ्या बुडांची मॉडेल बोट) एका बाजूला ओढायला लागली की बहुतेक जण आधी रडरला (सुकाणूला) हात घालतात. ट्रिम देऊन (रिमोटवरून रडर कायमचा किंचित वळता ठेवून) तेवढ्यापुरतं भागतं, अर्धा थ्रॉटल ओलांडला की बोट पुन्हा वळते. दुखणं बहुधा डाव्या-उजव्या ड्राइव्हमधल्या (मोटरपासून प्रॉपपर्यंतच्या साखळीतल्या) फरकात असतं. म्हणून आदल्या रात्री बोट टेबलावर घ्या आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंना लागोपाठ बघा. एक बाजू पूर्ण उरकून मग दुसरी घेतली तर फरक डोळ्याला दिसतच नाही.

प्रॉप (पाण्यातला पंखा) एक उजव्या, एक डाव्या फिरकीचा हवा, व्यास आणि पिच (पात्यांचा पीळ) तोच. दोघांची बोट बाजूला ढकलण्याची खोड एकमेकांत जिरते. मोटरची दिशा उलटवणं सोपं: सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. शाफ्टचं मात्र तसं नाही. शाफ्ट म्हणून वापरतात त्या फ्लेक्स केबलला (तारा पिळून केलेल्या लवचिक दांड्याला) पीळ असतो, आणि फिरताना तो आवळला गेला पाहिजे. उलटी फिरवली तर केबल सैल होऊन नळीत फुगते, अडकते, तुटते. म्हणजे डाव्या प्रॉपसाठी उलट पिळाचीच केबल लागते. ती मिळत नसेल आणि बोट लहान असेल तर सरळ पियानो वायर (ताठ पोलादी तार) टाका, तिला दिशेचं काही पडलेलं नसतं. प्रॉप आत फिरावेत की बाहेर, यावर पैज लावणारे पुष्कळ भेटतील. ते हलवर (बोटीच्या बुडाच्या आकारावर) ठरतं. करूनच बघायचं असेल तर प्रॉप आणि केबल दोन्ही मिळून बाजू बदला.

केबल आवळली की आखूड होते, त्यामुळे ड्राइव्ह डॉग (प्रॉपला फिरवणारी शाफ्टवरची खाचेची कडी) आणि स्ट्रट (शाफ्टचं मागचं टोक धरणारा आधार) यांच्यात २-३ मिमी फट सोडा, दोन्हीकडे सारखीच. ग्रीस ताजं, कोलेट (मोटरला केबल पकडून ठेवणारी चिमटी) घट्ट. स्ट्रटची उंची आणि कोन काचेच्या सपाट तुकड्यावर बोट ठेवून मोजा. नजरेवर जाऊ नका. बुश (स्ट्रटमधली शाफ्ट फिरण्याची नळी) ढिली झाली असेल तर नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडला एखाद्या लेथवाल्याकडून दोन्ही एकदमच करून घ्या. एकच नवी केली की परत फरक आलाच.

वजनासाठी स्वयंपाकघरातले दोन काटे मागून घ्या (घरात थोडं ऐकून घ्यावं लागेल). दोन्ही स्पॉन्सनची (डाव्या-उजव्या बुडांची) मागची टोकं एकेका काट्यावर टेका आणि बॅटऱ्या सरकवून आकडे जुळवा. गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून लांबीच्या ३० टक्क्यांच्या आसपास धरून सुरुवात करा.

आता वायरिंग. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) एकाच मॉडेलचे, टायमिंग आणि कटऑफ (बॅटरी उतरल्यावर मोटर तोडण्याची मर्यादा) एकच, थ्रॉटल कॅलिब्रेशन दोन्हींचं वेगवेगळं केलेलं. दोन्ही ईएससी वाय-लीडवर (रिसीव्हरच्या एका चॅनलला दोन फाटे देणाऱ्या तारेवर) जोडताना एका ईएससीची लाल तार प्लगमधून काढून तिच्यावर हीटश्रिंक चढवा, नाहीतर दोन बीईसी (ईएससीतले रिसीव्हरला वीज देणारे भाग) एकमेकांशी भांडत बसतात. दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतील तर त्यांच्या निगेटिव्ह जाड तारेने जोडा. एखादा मुख्य कनेक्टर सैल झाला तर सगळा करंट रिसीव्हरच्या बारीक काळ्या तारेतून वाट काढतो. बॅटरी पॅक एकाच वयाचे, प्रत्येक लिपो सेल ४.२ व्होल्टला भरलेला. जुना-नवा जोडलात तर एकीकडचा कटऑफ आधी लागतो आणि भर वेगात बोट गर्रकन फिरते. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याचा मार्ग दोन्हीकडे वेगळा ठेवा, तोंडाने फुंकून मोकळा आहे याची खात्री करा. ट्रान्समीटर बंद केल्यावर दोन्ही मोटर थांबतात ना, हेही बघा. कोरड्यात मोटर क्षणभरच फिरवा.

पाणी कुठलं? रामकुंडाच्या बाजूला नावच काढू नका, तिथे माणसं आंघोळीला उतरतात. गोदावरीत जलपर्णी असेल तिथे एक काडीसुद्धा प्रॉपला पुरते. गंगापूर धरण मोठं आहे, पण परवानगीची चौकशी आधी करा, शहराचं पिण्याचं पाणी आहे ते. पहिल्या चाचणीला दिंडोरी-निफाडकडच्या ओळखीच्या द्राक्षबागेतलं शेततळं उत्तम: सकाळी पाणी स्थिर, गवत नाही. फक्त ३० मीटरच्या तळ्यात ताशी ६० किमीने सुटलेली बोट दोन सेकंदांच्या आत समोरच्या काठावर आपटेल, तेव्हा हळू चालवून सरळ जाते का एवढंच बघा. आणि शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही. दोर आणि दुसरा माणूस असल्याशिवाय अडकलेल्या बोटीमागे उतरायचं नाही, बोट बुडाली तरी चालेल. झाकणाची टेप आणि आतला फोम तपासूनच निघा.

बोट काठावर आल्या आल्या दोन्ही मोटरना हात लावून कुठली जास्त तापली ते बघा. घरी चार्ज करताना प्रत्येक पॅकमध्ये किती एमएएच (चार्जचं माप) गेले ते लिहून ठेवा. जिकडे आकडा ठळकपणे जास्त, तिकडचा शाफ्ट आणि स्ट्रट आधी उघडा.